विन्सनच्या पायथ्याशी: कसोटी वाट पाहण्याची

गिर्यारोहण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो दोर, बर्फाची कुऱ्हाड आणि उभा कडा. पण अंटार्क्टिकातल्या सर्वोच्च शिखरावर, ४,८९२ मीटर उंचीच्या विन्सनवर जाणाऱ्यांचा खरा कस लागतो तो तंबूत बसून राहण्यात.

ही कसोटी चिलीच्या दक्षिणेकडील पुंता अरेनास शहरातच सुरू होते. तिथून युनियन ग्लेशियरवरच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटरचा हवाई प्रवास आहे. आडवा वारा असेल किंवा आकाश स्वच्छ नसेल, तर विमान निघत नाही. पुढे स्कीवर उतरणाऱ्या छोट्या विमानानं पायथ्याचा तळ गाठायचा, तेव्हाही तीच गत. ढग आणि बर्फ एकाच रंगाचे झाले की वैमानिकाला खालची जमीनच ओळखू येत नाही.

खरं तर अंटार्क्टिका हे थंड वाळवंट. हिमवृष्टी तशी कमीच. वादळात उधळतो तो बऱ्याचदा आधीच पडलेला भुसभुशीत बर्फ. उणे ३० अंश तापमानात ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, की उघड्या त्वचेला थंडी जवळपास उणे ५० अंशांइतकी जाणवते. अशा वेळी काही मिनिटांतच हिमदंश होऊ शकतो.

तंबूतला दिनक्रम

बसून राहायचं म्हणजे स्वस्थ पडायचं नव्हे. करवतीनं बर्फाच्या विटा कापून तंबूभोवती भिंत रचायची, वाऱ्यानं पोखरलेली जागा बुजवायची, साचलेला बर्फ फावड्यानं उपसायचा. प्यायचं पाणी स्टोव्हवर बर्फ वितळवूनच मिळतं. म्हणजे इंधन संपलं की पाणीही संपलं! स्टोव्ह पेटवताना हवेची वाट उघडी ठेवावीच लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. बॅटऱ्या आणि ओले मोजे झोपण्याच्या पिशवीत घ्यायचे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळतच नाही, तेव्हा रात्र ठरवायची घड्याळावर.

याहून अवघड असतो तो मोह. थोडी उघडीप दिसली की पाय शिवशिवतात. पण सुमारे ३,८०० मीटरवरच्या तळावरून शिखर गाठून परतायला दहा-बारा तासही लागू शकतात. वाटेत हवा फिरली तर मदतीला विमान कसं येणार? तेही त्याच हवेनं अडवलेलं असतं.

हा धडा या पर्वतरांगांच्या शोधाइतकाच जुना आहे. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लिंकन एल्सवर्थ आणि वैमानिक हर्बर्ट हॉलिक-केनियन अंटार्क्टिका ओलांडायला निघाले, तेव्हा त्यांना हे पर्वत दिसले. काही तासांच्या त्या प्रवासाला जवळपास दोन आठवडे लागले. वाटेत चार वेळा उतरावं लागलं, वादळात कित्येक दिवस तंबूत काढावे लागले. त्यांनी उतावीळपणा केला नाही, म्हणूनच ते जिवंत परतले.

विन्सनवर पहिलं पाऊल पडलं डिसेंबर १९६६ मध्ये, निकोलस क्लिंच यांच्या अमेरिकन मोहिमेतून. जानेवारी २०१९ मध्ये कृत्रिम पायाच्या आधारे भारताच्या अरुणिमा सिन्हाही तिथे पोहोचल्या. शिखरावरचं छायाचित्र सगळेच पाहतात. तंबूत काढलेल्या दिवसांचं छायाचित्र मात्र कुणी भिंतीवर लावत नाही. तरीही इथे जाऊ इच्छिणाऱ्यानं सामानात सर्वप्रथम भरावेत ते हेच राखीव दिवस आणि त्यांना पुरेल इतकं इंधन.