पडद्यावरचे बावखल

वटारला माझी मावशी राहते. नालासोपाऱ्याला लोकलमधून उतरून पश्चिमेकडच्या बसमध्ये बसले, की हळूहळू केळीच्या वाड्या सुरू होतात आणि समुद्राचा खारा वारा तोंडाला लागतो. पण याच वटारात मी एकदा माउस हाती धरून हिंडलो आहे. आजची हकिकत त्या हिंडण्याची!

१९९८ ची दिवाळी. मी कॉलेजात होतो. फराळाचे ताट पुढे आले तरी मावसभाऊ संगणकापुढून हलेना. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्याने नेटस्केप ब्राउझर आणि कॉस्मो प्लेयर घातला होता. 'व्हीआरएमएल' नावाच्या भाषेत लिहिलेली फाइल त्यात उघडली, की पडद्यावर नुसते चित्र नव्हे, जागाच उभी राही. माउस पुढे सरकवला की आपण तिच्यात चालू लागायचे. मार्क पेशी आणि टोनी पॅरिसी हे या भाषेचे आद्य कर्ते. १९९४ साली जिनिव्हाच्या पहिल्या वेब परिषदेत तिची चर्चा झाली आणि १९९७ साली ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. लोकांनी तिच्यात दालने उभारली, शहरे उभारली. आमच्या बंधुराजांनी मावशीची वाडी उभारली!

भाषेत तयार घन आकार चारच : पेटी, शंकू, नळकांडे आणि गोळा. पेटीचे घर झाले, नळकांड्यांच्या केळी झाल्या. घोडे अडले ते बावखलापाशी. बावखल म्हणजे वसईकडच्या वाड्यांतले, पावसाचे पाणी धरणारे, उतरत्या काठांचे लहानसे तळे. ते ना गोल, ना चौकोनी. मग पठ्ठ्याने टेप लावून काठ मोजला, दोरीला दगड बांधून खोली मोजली आणि एकेक बिंदू आकड्यांत लिहून काढला.

मावशी पदराला हात पुसत आली. "घर झालं, केळी झाल्या. आणि रहाट रे?"

"तो व्हायचाय, आई."

एवढ्यात मी काठाच्या पुढे पाऊल टाकले. त्या जगातही गुरुत्वाकर्षण होते, वाचकहो! थेट तळाशी गेलो.

"अरे, पडलास की!" मावशी ओरडली आणि स्वतःच हसत सुटली.

पुढे वाटण्या झाल्या. वसईतल्या कितीतरी बावखलांचे झाले तेच आमच्याचे झाले. मातीचे ट्रक आले आणि ते बुजले. आता पावसाळ्यात पाणी घराच्या पायरीला लागते. पूर्वी ते कुठे जाई, हे आम्हांला तेव्हा आठवले.

भावाने ती फाइल जपून ठेवली होती. कॉस्मो प्लेयर आजच्या ब्राउझरात चालत नाही. पण फाइल म्हणजे साधा मजकूर, आणि मजकूर वाचणे हा तर माझा पोटापाण्याचा उद्योग. वाचत गेलो. आकड्यांमागे जिथे उणे चिन्ह, तिथे जमिनीखालची खोली. सर्वांत मोठा आकडा उणे ३.५ मीटर. तेच बावखल!

आता ब्राउझर स्वतःच त्रिमिती चित्र काढतो, म्हणून भाऊ वाडी नव्याने बांधतो आहे. मावशीला हे सांगितले. तिने चष्मा पुसला.

"या खेपेला रहाट विसरू नका," ती म्हणाली, आणि रहाटाला गाडगी किती होती, ते बोटांवर मोजू लागली.