दारातला उजेड

आमच्या घराच्या भिंतीवर वडिलांचा फोटो आहे. त्याला फ्रेम आहे, हार आहे, खाली उदबत्ती लावायची सोय आहे. पण त्या फोटोत आमचे बाबा नाहीत!

मी अकरावीत असताना ते गेले. फ्रेमसाठी फोटो हवा म्हणून घरभर शोधाशोध झाली. लग्नातला एक सापडला, पण त्यात ते विशीतले होते आणि निम्मा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ. यंत्रापुढे बसवलेला कुणीतरी भेदरलेला माणूस! आमचे बाबा असे नव्हते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली सुरू झाला आणि तेव्हापासून या गावाच्या कानांत खडखडाट भरून राहिला आहे. मागाशेजारी उभे राहून बोललेले ऐकू येत नाही. म्हणून माग चालवणारी माणसे चेहऱ्याने बोलतात. ओठ हलवतात, भुवई उडवतात, मानेने होकार देतात. बाबा घरी आले तरी तसेच बोलत. "जेवलास का?" हे त्यांनी मला तोंडाने क्वचितच विचारले असेल, त्यांची डावी भुवई विचारायची. ती भुवई त्या फ्रेममध्ये नाही.

कॅमेऱ्याचे वेड मला तिथून लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सकाळी साडेसात ते साडेअकरा कॉलेज आणि दुपारी बारा ते रात्री नऊ एका कारखान्याच्या घडी खात्यात नोकरी, असा माझा दिवस. त्या पगारातून कोल्हापूरच्या एका दुकानातून जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स आठ हप्त्यांवर घेतली. आई एवढेच म्हणाली, "फोटोनं प्वाट भरतं व्हय रं?" मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या माणसांना मी भर दुपारी अंगणात उभे करायचो. भरपूर ऊन म्हणजे चांगला फोटो, अशी माझी समजूत! फोटो पाहिले तर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि नाकाखाली सावलीची मिशी. ऊन डोक्यावर असले की कपाळ उजळते आणि डोळे बुडतात, हे कळायला मला दोन महिने लागले. आमच्या खोलीचे दार उत्तरेला आहे. ऊन आत येत नाही, भिंतींना ओल येते, म्हणून आई वर्षानुवर्षे कुरकुरत आली आहे. पण त्याच दारातून दिवसभर एकसारखा, मऊ उजेड येतो. माणसाला दारापासून दोन पावले आत बसवायचे, चेहरा थोडा उजेडाकडे वळवायचा आणि सावलीच्या बाजूला कारखान्यातून विकत आणलेले कोरे कापड धरायचे. या कापडाला आमच्याकडे 'ग्रे' म्हणतात, पण ते असते सायीच्या रंगाचे. त्यावरून परतलेला उजेड गालावर पडला की सावली नाहीशी होत नाही, नुसती निवळते. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर जवळच्या डोळ्यावरच नेम धरावा लागतो. नाहीतर कान स्पष्ट आणि डोळे धूसर येतात. हे सारे मी चुकत चुकत शिकलो.

पण खरी चूक यंत्राची नव्हती, नजरेची होती. घडी खात्यात माझे काम म्हणजे कापडातले दोष शोधणे. तुटलेली तार, तेलाचा डाग, धागे सुटून पडलेली जाळी. दिवसभर तेच पाहिल्यावर डोळ्यांना दुसरे दिसेनासे होते. शेजारच्या मावशी कांडी मशीनवर काम करतात. त्यांचा फोटो काढला आणि रात्री मोबाईलवर मी तो 'साफ' केला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसल्या, हनुवटीवरचा व्रण काढला, वर्ण उजळवला. मावशींनी फोटो हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "लई झ्याक हाय रं. पर ही बाई कोन म्हनायची?"

मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही. कापडातला दोष आणि चेहऱ्यावरची रेघ या एका जातीच्या गोष्टी नव्हेत, हे मला एका न शिकलेल्या बाईने शिकवले. मूळ फोटो मी पुन्हा छापून दिला. तो त्यांनी भिंतीला लावला आहे.

दुसरा धडा मात्र मला स्वस्तात मिळाला नाही. हळूहळू लोक पैसे देऊन फोटो काढून घेऊ लागले. एका वाढदिवसाचे फोटो दुरुस्त करीत मी तीन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलो. चौथ्या दिवशी झोपाळलेल्या डोळ्यांनी मी जाळी पडलेला एक तागा भलत्याच मागाच्या नावावर लिहिला. त्या मागावरच्या मामांच्या पगारातून पैसे कापले गेले. ते घडी खात्यात आले. भांडले नाहीत. "पोरा, माझ्या मागावं जाळी पडली न्हवती रं," एवढेच बोलून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या घरी खाणारी पाच तोंडे आहेत. आणि मी गप्प बसलो! दोन दिवस गप्प बसलो. चेहरे वाचायला निघालेला मी, समोरचा एक चेहरा चुकवीत होतो.

तिसऱ्या दिवशी दिवाणजींकडे जाऊन चूक कबूल केली. बोलणी खाल्ली, पैसे माझ्या पगारातून कापले गेले, मामांचे त्यांना परत मिळाले. त्या दिवसापासून रात्री अकरानंतर फोटोला हात लावायचा नाही आणि सुट्टीला दोनच माणसांचे फोटो काढायचे, असा नियम केला. कॉलेजच्या ग्रंथालयात गौतम राजाध्यक्ष यांचे 'चेहरे' हे पुस्तक आहे. एवढा मोठा छायाचित्रकार, पण लिंटास या जाहिरात संस्थेतली नोकरी त्यांनी सोडली ती १९८७ मध्ये. तोवर दोन्ही चालू होते. हे वाचून मला धीर आला. माझ्या घडी खात्याची त्यांच्या नोकरीशी तुलना नव्हे. पण नोकरी म्हणजे कलेची वैरीण, ही तक्रार मी तेव्हापासून बंद केली. वैरीण होती ती माझी घाई.

पुढच्या सुट्टीला मीच मामांना बोलावले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, दारात स्टुलावर बसले आणि एकदम मान ताठ झाली, ओठ मिटले, डोळे विस्फारले. भिंतीवरच्या फ्रेममधलाच चेहरा! माझे बोट बटणावर होते. मी ते उचलले. कॅमेरा जरा खाली घेतला आणि मागांच्या खात्यात विचारतात तसे, आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारले, "जेवला का?"

मामांची भुवई वर गेली. मान एका बाजूला कलली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. तेवढ्यात मी बटण दाबले.

तो फोटो आईने बराच वेळ पाहिला. मग भिंतीकडे न बघता म्हणाली, "तुझं वडील बी अशीच भुवई उडवायचं."

बाबांचा फोटो आता काढता येणार नाही. कॅमेरा फार उशिरा आला. त्याला इलाज नाही. आईचाही चांगला फोटो आमच्याकडे अजून नाही. कितीदा म्हटले तरी "काय ठेवलंय माझ्या तोंडात!" म्हणून ती टाळत आली. पण मामांचा फोटो पाहिल्यापासून तिने पुढच्या सुट्टीचे कबूल केले आहे. स्टूल दाराशी नेऊन ठेवले आहे. तिला नवे लुगडे नेस म्हणायचे नाही, केस नीट कर म्हणायचे नाही, असे मी ठरवले आहे. ती बसेल, आणि तिला माझ्याशी काही बोलावेसे वाटेपर्यंत मी थांबेन.