तू शिकलेली, तू सांग

आमच्या घरी कोणताही कागद आला की तो सरळ माझ्यापुढे येतो. विजेचे बिल, बँकेचे पत्र, धाकट्याच्या शाळेचा फॉर्म, तलाठ्याने मागितलेला कुठला तरी दाखला. आण्णा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आणि आजीला शाळा ही वस्तूच माहीत नाही. त्यामुळे दहावी झाल्यापासूनच मी घरची कारकून आहे. पण कारकून आणि न्यायाधीश यांत फरक असतो, हे मला यंदाच्या माघ महिन्यात कळले.

त्या रात्री मामा आला होता. तो भोसरीच्या एका कारखान्यात कामाला आहे, काळेवाडीत राहतो. आण्णांचे काम गणपतीच्या सुमारास सुटले, हे त्याला ठाऊक होते. गावाजवळच्या एका बंगल्याची राखण आण्णांनी चौदा वर्षे केली. बंगला विकला गेला, नव्या मालकाने एजन्सीची माणसे आणली आणि आण्णांच्या हातात दोन महिन्यांचा पगार व एक जुना पंखा देऊन त्यांना मोकळे केले. (पंखा चालतो. कुरवंड्यात पंखा फारसा लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) मामाच्या ओळखीने एका गोदामात जागा होती. महिना सोळा हजार. काळेवाडीत दोन खोल्या सहा हजारांनी मिळत होत्या. धाकटा यंदा दहावीला, त्याला पुढे आय.टी.आय.ला घालता येईल.

"दाजी, सगळ्यांनीच या," मामा म्हणाला. "एकट्यानं खोली करून राहण्यात काय जीव हाय?"

आण्णा काही बोलले नाहीत. आजी चुलीशी बसून निखारे सारखे करीत होती. मग आण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तू शिकलेली. तू सांग. जावं का न्हाई?"

मी एकोणीस वर्षांची आहे. अर्थशास्त्राच्या पेपरात मला पन्नासपैकी एकतीस गुण मिळाले होते. पाच माणसांनी कुठे जगावे हे सांगण्याइतके ते पुरेसे आहेत असे मला वाटत नाही. पण मी "बघते" म्हणाले. खरे तर ते म्हणताना मला आतून बरेच वाटले होते.

आमचे गाव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. लोणाव्याहून आय.एन.एस. शिवाजीच्या बाजूने रस्ता संपेपर्यंत या, की कुरवंडे. त्यापुढे जमीनच नाही, सह्याद्रीचा कडा आहे आणि खाली कोकण. कड्यावर नागफणीचा सुळका उभा आहे. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, आम्हाला नागाची फणी दिसते. ज्याने त्याने आपापल्या ओळखीचे पाहिले. याच कुरवंड्याच्या घाटाने १६६१ साली कारतलबखान आपली फौज घेऊन खाली उतरला आणि २ फेब्रुवारीला उंबरखिंडीत महाराजांच्या सापळ्यात सापडला. शाळेत गुरुजी हा धडा शिकवीत तेव्हा आम्हाला उगीच वाटे की घाट आमच्या मालकीचा आहे. इंद्रायणीचा उगमही आमच्याच शिवारात मानतात. देहू-आळंदीला जिच्या काठी लाखो माणसे जमतात, ती नदी आमच्याकडे पोरेसोरे उडी मारून ओलांडतात.

असे गाव सोडून कोण जाईल, असे वर्षासहलीला येणारे लोक म्हणतात. ते शनिवारी येतात आणि रविवारी जातात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत लोणाव्याच्या या पट्ट्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात भिंतींना ओल येते, वह्यांना बुरशी धरते, आणि कॉलेजला यायला जीप मिळाली नाही तर मी सहा-सात किलोमीटर चालत येते. पहिल्या तासाला भिजलेल्या ओढणीने बसणारी ती मीच, हे सरांना एव्हाना ठाऊक झाले असेल.

पुढच्या रविवारी मी मामाबरोबर लोकलने काळेवाडी बघायला गेले. मळवली, कामशेत, तळेगाव, देहूरोड अशी स्टेशने मागे पडत गेली तशी डोंगराची रेघ बुटकी होत गेली. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, आणि मूठभर गावांचे हे शहर झाले. १९८२ साली तिथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती सतरा लाखांवर गेलेली होती. मुंबई-पुण्यापुढे धाकटे शहर, पण आमच्या मावळातल्या किती घरांतून एक तरी माणूस तिकडे गेले आहे, हे सकाळच्या लोकलच्या गर्दीत दिसते.

खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. भिंती कोरड्या. मी हात लावून पाहिला. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसत होती. नळ होता, पण पाणी दिवसाआड, तेही ठरल्या वेळी. मामी म्हणाली, "सवय होते." मला मात्र त्या नळाकडे पाहून दुसरेच काही आठवत होते.

आजीचे माहेर पवन मावळातले. पवना धरण १९७२ साली पुरे झाले आणि तिचे गाव पाण्याखाली गेले. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिच्या वडिलांनी घराच्या दाराची चौकट उपसून बैलगाडीत घातली, एवढे एकच ती त्याबद्दल सांगते. त्या धरणाच्या कित्येक विस्थापितांना पर्यायी जमिनीसाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. आणि ते पाणी गेले कुठे? नदीतून वाहत पिंपरी-चिंचवडच्या नळांना. पुढे तेच पाणी बंद नळातून थेट धरणातून नेण्याचे ठरले, तेव्हा मावळचे शेतकरी रस्त्यावर आले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण मेले. त्यांत एक बाई होती. मी तेव्हा अगदी लहान. आजी दिवसभर जेवली नाही, एवढे आठवते.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले, "आज्जे, मामाच्या नळाला तुझ्या माहेरचं पाणी येतं." मला वाटले होते, तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

ती म्हणाली, "मग त्याचं बिल बी भरावं लागतं का?"

"हो."

"बघ," ती म्हणाली आणि वाल निवडू लागली.

त्या आठवड्यात मी वही घेऊन बसले. संधी-खर्च म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले आहे: एक गोष्ट निवडताना जी दुसरी हातची जाते तिची किंमत. मी दोन रकाने आखले. शहराकडच्या रकान्यात सोळा हजार जमा. खर्चात भाडे सहा हजार, वीज आठशे, गॅस नऊशे, किराणा-भाजी साडेचार हजार. तांदूळ पन्नास किलो, तीस रुपये भावाने पंधराशे. शिल्लक दोन हजार तीनशे. गावाकडच्या रकान्यात आण्णांची मिळेल तेव्हाची मजुरी, आणि शिल्लक काही नाही. धाकट्याचे शिक्षण शहराच्या बाजूने लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

रात्री कागद वाचून दाखवला. सगळे ऐकून घेऊन आण्णांनी विचारले, "तांदूळ कसा धरलास?"

"तीस रुपये."

"इंद्रायणी?"

मी गप्प.

"तीसनं इंद्रायणी कुठं गावतो ते मला बी सांग, दोन पोती घेऊन ठेवतो," आण्णा म्हणाले.

इंद्रायणी हे भाताचे वाण आमच्याच तालुक्यात, वडगावच्या संशोधन केंद्रात निघाले. आमच्या दीड एकराच्या खाचरांत तेच असते आणि वर्षभर आम्ही तेच खातो. बाजारात ते साठाच्या खाली मिळत नाही, हे मला पक्के माहीत होते. दिवाळीनंतर आठवडे बाजारात आण्णांबरोबर तांदूळ विकायला मीच बसते. साठाने धरले तर शिल्लक आठशेवर येत होती. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी लिहिल्याच नव्हत्या. लावणी-कापणीला गावी यायचे भाडेही नव्हते.

चूक झाली म्हणून मी तेव्हा वेळ मारून नेली. पण ती चूक नव्हती, हे इथे लिहिते, कारण घरात ते बोलता आले नाही. गेल्या वर्षी आपली सहल पुणे विद्यापीठात गेली होती. तिथल्या जयकर ग्रंथालयात मी तासभर बसले होते. काय वाचले ते आठवत नाही. आजूबाजूला माझ्याच वयाच्या मुली बसल्या होत्या आणि त्यांना कोणी हाक मारीत नव्हते, हे आठवते. त्या दिवसापासून मला जायचे होते. धाकट्याचे शिक्षण, आण्णांची नोकरी, ही सगळी माझ्या इच्छेवर घातलेली इरली होती. ज्याला न्याय करायला बसवले तोच एका बाजूचा निघावा, आणि ते सातवी शिकलेल्या माणसाने तांदळाच्या भावावरून ओळखावे! आण्णा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

"मग न्हाई जायाचं," आजी म्हणाली. तिने वहीकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

तेवढ्यात आई बोलली. आईला आतापर्यंत कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही. माझ्या दोन रकान्यांत तिचे नाव कुठेच नव्हते.

"मला जायाचंय," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती भांडी घासत होती, हात थांबवले नाहीत. "बावीस पावसाळं झालं. वली लाकडं फुकून डोळं गेलं माझं. सिलिंडर संपला की तिथून फुडं चूलच. पोराचं कपडं चार-चार दिस वाळत न्हाईत. आत्याबाई, तुमचं चुकतं असं न्हाई म्हणत मी. पर मला एकदा कोरड्या घरात निजायचंय. आन् तिथं पोळ्या करायचं काम भेटतं, भावजय करती, तिचं पैसं तिच्या हातात असत्यात." मग थोडे थांबून म्हणाली, "कुणी वळखीचं नसतंय तिथं. तेच बरं."

ग्रंथालयात मला जे वाटले होते ते आईने एका ओळीत सांगितले, आणि ती पुस्तकाजवळही गेली नव्हती. एका चुलीपुढे जेवणाऱ्या आम्हा दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि दोघींनाही ते ठाऊक नव्हते.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जा. मी न्हाई यायची. मी एकदा गेलीया."

त्यानंतर आठ दिवस घरात नुसती कुजबुज. भाऊबंदांतले एक चुलते येऊन सांगून गेले की मोकळे घर दिसले की एजंट दारात येतात, जमीन सांभाळा. ते खोटे नाही. आमच्या खाचरांना लागून आता दोन बाजूंनी परक्यांची कंपाउंडे आली आहेत. दुसरे कोणी म्हणाले, म्हातारीला उचलून न्या, चार दिवस रडेल. आण्णांनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

शेवटी ठरले ते असे. धाकट्याची परीक्षा झाली की आण्णा, आई आणि तो काळेवाडीला जातील. दोन नव्हे, एकच खोली. लावणीला आणि कापणीला आण्णा रजा काढून येतील, बाकीचे सावडीने निभवायचे. मी आजीजवळ राहीन. तिसरे वर्ष इथूनच होईल, मधेच कॉलेज बदलण्यात अर्थ नाही, असे मी सगळ्यांना सांगितले. या खेपेला कोणी कागद मागितला नाही. मला हे आवडले आहे का, असे मैत्रिणी विचारतात. मुळीच नाही. आईच्या पिशवीत तिची नवी साडी घडी करून ठेवताना मला तिचा चक्क हेवा वाटला.

काल आजी राबासाठी पालापाचोळा गोळा करीत होती. मी दप्तर ठेवून तिच्या मदतीला गेले. गेल्या वर्षी आम्ही राबाला सात पायल्या बी टाकले होते. तिने कमरेवर हात ठेवून खाचरांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आता औंदा किती टाकायचं? तू शिकलेली, तू सांग."

"सातच टाक," मी म्हणाले. "मामाकडं तांदूळ साठ रुपये आहे."