फूल उलटं करून बघा

न्यू जर्सीत ऑगस्ट महिन्यात कुठल्याही जुन्या कुंपणाकडे बघा. कर्ण्यासारखी फुलं दिसतील. काही निळी, काही जांभळी, काही पांढरी. माझी आई या सगळ्यांना एकच नाव देते, ‘गारवेल’. आणि लगेच म्हणते, “उपटून टाक!” तिचं बरोबर आहे. ही वेल तिच्या कारल्याच्या मांडवावर चढते आणि कारल्याला ऊनच मिळू देत नाही.

पण मला ती निळी फुलं फार आवडतात. मग कुठली वेल काढायची आणि कुठली ठेवायची? त्यासाठी आधी त्या ओळखता यायला हव्यात. दोन उन्हाळे मी त्या रोज सकाळी बघितल्या. एक गोष्ट पक्की कळली : रंगावर जाऊ नका. एकाच जातीची फुलं निळी, गुलाबी किंवा पांढरी असू शकतात. फूल हळूच उलटं करा आणि मागे देठाजवळ बघा.

तिथे पाच छोटी हिरवी पानं असतात. त्यांना निदलं म्हणतात. निदलं आखूड आणि पान बदामाच्या आकाराचं असेल, तर ती बहुतेक साधी मॉर्निंग ग्लोरी. निदलं केसाळ, त्यांची टोकं लांब आणि बाहेर वळलेली असतील, तर ती आयव्हीच्या पानांची मॉर्निंग ग्लोरी. हिच्या पानाचे बहुधा तीन भाग असतात. फूल सकाळी आकाशी असतं, नंतर जांभळट होतं.

निदलं दिसतच नाहीत? दोन मोठ्या हिरव्या पानांनी झाकली आहेत? मग ती हेज बाइंडवीड. हिचं फूल मोठं, बहुतेक वेळा पांढरं. फूल क्वार्टरच्या नाण्याएवढंच असेल आणि देठावर, फुलापासून जरा खाली, दोन अगदी बारीक पानं असतील, तर ती फील्ड बाइंडवीड.

हा फरक महत्त्वाचा आहे. दोन्ही मॉर्निंग ग्लोरी थंडीत मरतात आणि पुढच्या वर्षी बियांपासून उगवतात. बाइंडवीडची मुळं मात्र जमिनीखाली जिवंत राहतात. मुळाचा तुकडा राहिला तरी त्यातून नवी वेल फुटते. ती एकदा उपटून जात नाही, पुन्हा पुन्हा काढावी लागते.

गंमत म्हणजे, आपण उपासाला खातो ते रताळंही मॉर्निंग ग्लोरीच्याच जातभाईंपैकी! त्याची फुलंही तशीच दिसतात. ती वेल मात्र आई कधी उपटत नाही.

शेवटी आमचं असं ठरलं : बाइंडवीड दिसली की काढायची. मांडवावर कुठलीच गारवेल नको. कुंपणावर एक निळी मॉर्निंग ग्लोरी चालेल, पण तिची बोंडं वाळून बिया पडायच्या आत मी ती तोडायची. बिया विषारी असतात, म्हणून ते काम माझं, धाकट्या भावाचं नाही.