हॉकीचे सर

फजरची नमाज आटोपून सर मैदानावर येतात. रेल्वेतून निवृत्त झाले आणि ज्या कॉलेजात हॉकी शिकले, तिथेच आता बिनपगारी शिकवतात.

१९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. भारत सातवा आला. पुढे मातीवर घडलेले कितीतरी खेळाडू मागे पडले. सर त्यांतलेच.

वर्गात मी मुलींच्या शिक्षणावर निबंध लिहून घेतो, पण स्वतःच्या मुलीला हॉकीला पाठवायला कचरत होतो. लोक काय म्हणतील?

सर घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, मला टर्फ मिळालं नाही. तिला निदान मैदान तरी मिळू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच तिला सोडायला गेलो.