बटणाखालचा आकडा

जुनी इलेक्ट्रिक गिटार किती सालची आणि कुठली, हे ओळखण्याचं एक शास्त्रच आहे. सहा महिन्यांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मी "बरं" म्हणून चहा ठेवायला उठले असते. गिटार म्हणजे गॅदरिंगमध्ये एखादा मुलगा कानठळ्या बसेपर्यंत वाजवतो ती, एवढीच माझी ओळख. पण चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला पुरावा दिसला की हात आवरत नाहीत. तिकडे अमेरिकेत भाचीने आपल्या वडिलांची गिटार उघडली, आणि इकडे मी चष्मा पुसून बसले.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी ओहायोत गेला. त्याची गिटार भाचीकडे आली. कुणीतरी तिला सांगितलं की ही 'प्री-सीबीएस' असेल तर तुला लॉटरीच लागली. म्हणजे काय ते तिला नीट कळेना, म्हणून तिने शोधायला सुरुवात केली आणि "आत्या, तू हिस्ट्री टीचर ना?" म्हणून मला एकोणतीस फोटो पाठवले.

प्री-सीबीएसची भानगड अशी. लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याने १९५० साली सपाट लाकडी फळीची, मान स्क्रूने जोडलेली गिटार बाजारात आणली आणि तिला 'ब्रॉडकास्टर' नाव दिलं. ग्रेच कंपनीने कळवलं की या नावाचे ढोल आम्ही आधीपासून विकतो. झालं, फेंडरने लेबलवरचं नाव चक्क कातरीने कापून टाकलं आणि नुसतं 'फेंडर' एवढंच ठेवून गिटारी विकल्या. पुढे 'टेलिकास्टर' हे नाव ठरलं. मधल्या, १९५१ च्या त्या बिननावाच्या गिटारींना आता प्रचंड किंमत येते. नाव नसणं हाच त्यांचा जन्मदाखला. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर १.३ कोटी डॉलरला विकत घेतली. त्याआधीच्या त्या 'प्री-सीबीएस', सोन्याच्या भावाच्या. नंतरच्यांना तो मान नाही. (सगळं जुनं ते सोनं असं मला वाटत नाही. पण बाजाराला आपण कोण सांगणार?)

भाचीने पहिल्यांदा मानेच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी दाखवली. तीवर मोठा 'एफ' आणि सहा आकडी नंबर. तिला वाटलं, नंबर मिळाला म्हणजे साल मिळालं. तसं नसतं. कारखान्यात या नंबर मारलेल्या पट्ट्या डब्यात पडलेल्या असायच्या. हाताला लागेल ती पट्टी समोरच्या गिटारीला बसवायची. त्यामुळे नंबरावरून दोन-तीन वर्षांचा पट्टा तेवढा मिळतो. १९७६ पासून फेंडरने नंबर वरच्या शेंड्यावर छापायला घेतला, म्हणजे पट्टीवर नंबर असलेली ही त्याआधीची, एवढं म्हणता येतं. गिब्सनचं तर त्याहून वाईट. साठच्या दशकातले त्यांचे सहा आकडी नंबर पुन्हा पुन्हा वापरलेले आहेत. एकच नंबर दोन वेगळ्या वर्षांच्या गिटारींवर. एका वर्गात दोन मुलांचा हजेरी नंबर एक असल्यासारखं! १९७७ मध्ये त्यांनी शहाणपणाने आठ आकडी पद्धत सुरू केली. त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. जपानी लोक मात्र पहिल्यापासून टापटिपीचे. आयबानेझच्या १९७५ नंतरच्या गिटारीवर आधी अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढे सालाचे दोन आकडे. लहान मुलालाही वाचता यावं.

मी मुलांना दरवर्षी सांगायचे की बखर वाचायला गोड, पण साल विचारायचं ते कागदाला. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे बावीस खंड काढले ते याचसाठी. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उपसून. शिवजन्माची तिथी बखरींत एक, आणि १९१६ मध्ये टिळकांनी जेधे शकावली छापली तीत दुसरी, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. का मानली ती? तर तिच्यातल्या इतर नोंदी ताडून पाहिल्यावर खऱ्या निघत गेल्या म्हणून. एकटा आकडा कधी मानायचा नाही. चार ठिकाणून तोच आकडा आला तर मान डोलवायची.

गिटारीत हा 'कागद' कुठे असतो? पोटात. आवाज कमीजास्त करायची जी बटणं असतात, त्यांच्याखाली रेडिओत असतो तसा व्हॉल्यूम कंट्रोल असतो. ते 'पॉट' म्हणतात. ते गिटार कंपनी स्वतः बनवत नाही, बाहेरून आणते, आणि बनवणारा त्याच्या पाठीवर आकडे मारतो. पहिले तीन आकडे कारखान्याचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. नंतर साल, नंतर वर्षातला कितवा आठवडा. कुणाला फसवायला नव्हे, कौतुकालाही नव्हे. कारखान्याच्या हिशेबासाठी मारलेला आकडा. म्हणून तर तो विश्वासाचा! स्वतःबद्दल काही सांगायचंच नसलेला साक्षीदार.

पण तोही जपून वाचावा लागतो. पॉटवर १९६६ असलं तर गिटार १९६६ ची असं नाही, १९६६ च्या आधीची नाही, एवढंच सिद्ध होतं. फेंडरने त्या वर्षी पॉटचा इतका साठा करून ठेवला होता की पुढे दोन-तीन वर्षं तोच पुरला. 'याच्या आधीची असू शकत नाही' आणि 'याच सालची आहे' यांतला फरक माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना दहावीपर्यंत कळला नाही.

आता हे सगळं मी का लिहितेय, ते आमच्या घरातल्यांना एव्हाना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते.

भाऊ १९६९ साली गेला. खिशात आठ डॉलर घेऊन जायचे ते दिवस. १९७१ च्या पावसाळ्यात आमची आई दोन महिने अंथरुणाला खिळली आणि श्रावणात गेली. भाऊ आला नाही. एरोग्राम आला, 'तिकिटाची जुळवाजुळव होत नाही.' नंतर आम्ही केलेली तार त्याला मिळाली, त्याचं चार ओळींचं पत्र आलं, आणि तो विषय तिथे थांबायला हवा होता. पण १९७२ मध्ये ओहायोहून वाईला आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं की तुमचा मुलगा तिकडे गिटार वाजवतो हो, छान वाजवतो. आणि १९७४ च्या दिवाळीत त्याने स्वतःचा फोटो पाठवला. रंगीत, मागे त्याच्या हाताने तारीख घातलेला. मांडीवर अक्रोडी रंगाची चकचकीत गिटार. थोरल्या काकांनी फोटो हातात धरून किंमत विचारली. कुणीतरी अंदाजाने आकडा सांगितला. तो विमानाच्या तिकिटाच्या जवळपास निघाला. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे पैसे होते."

बस्स. पुढची पन्नास वर्षं तेच वाक्य. काका गेले, काकू गेल्या, वाक्य राहिलं. आमची आक्का तर भावाच्या प्रत्येक खेपेला ते मनात धरूनच त्याला जेवायला वाढायची. तो १९७८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कुणी समोर विचारलं नाही. त्याच्या कानावर मात्र गेलं असणार, कारण त्यानंतर त्याने या घरात गिटारीचं नाव काढलं नाही. वाजवायचा तो, चांगला वाजवायचा म्हणतात. आम्ही कुणी ऐकलेला नाही.

तर आता फोटो. गिटारीच्या शेंड्यावर नाव 'टेलिकास्टर', पण शेंडा मोठा, स्ट्रॅटोकास्टरसारखा. मान चारऐवजी तीन स्क्रूंनी बसवलेली. बटणं चार. तारांखाली दोन रुंद पिकअप, त्यांच्या धातूच्या झाकणावर तीन स्क्रू इकडे, तीन तिकडे. भाचीने चित्रांशी ताडून नाव शोधलं, टेलिकास्टर डीलक्स. हे मॉडेल १९७२ च्या आधी अस्तित्वातच नव्हतं.

मी ते वाक्य तीनदा वाचलं.

त्या पिकअपची कथाही गमतीची आहे. ते बनवले सेथ लव्हर या इंजिनियरने. हा आधी गिब्सनकडे होता. गिटारीतली घरघर घालवणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप त्याने १९५५ मध्ये तयार केला. पेटंट मिळेपर्यंत गिब्सनने त्यावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि आज लोक त्या चिठ्ठीसाठी वेडे होतात. पेटंट १९५९ मध्ये मिळालं. मग पुढे चिठ्ठीवर नंबर छापला तो भलत्याच पेटंटचा, लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीचा! मुद्दाम की गफलतीने, यावर अजून वाद घालतात. काही का असेना, चुकीचा नंबरसुद्धा काळ सांगतो, कारण ती चूक कधीपासूनची ते ठाऊक आहे. हा लव्हर १९६७ मध्ये फेंडरकडे गेला आणि तिथे त्याने हे रुंद पिकअप केले.

पण मॉडेलवर थांबायचं नाही. एकटा पुरावा. मी भाचीला म्हटलं, पोट उघड. ती घाबरली, माझा हात थरथरेल म्हणाली. तिने एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने वरची काळी पट्टी काढून, पॉट दिसतील असे फोटो घेतले. चौथ्या पॉटवर डाख इतका पसरलाय की आकडे दिसत नाहीत. उरलेल्या तिन्हींवर एकच.

१३७७३०९.

१३७, सीटीएस. ७३, साल. ०९, नववा आठवडा. १९७३ च्या फेब्रुवारीचा शेवट, फार तर मार्चची सुरुवात.

पॉट नंतर बदलले असतील तर? हा प्रश्न मीच विचारला, कारण तो विचारला नाही तर मी पन्नास वर्षांपूर्वीच्या अंदाजासारखाच आणखी एक अंदाज करीन. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की डाख एकदाच दिलेला आहे, वर पुन्हा तापवल्याची खूण नाही, वायरींचं आवरण शाबूत आहे. नंबराचा पट्टा जुळतो. मॉडेल जुळतं. तीन स्क्रू जुळतात. आणि अलीकडची बाजू १९७४ च्या दिवाळीचा फोटो सांभाळतो. म्हणजे गिटार १९७३ च्या वसंतापासून १९७४ च्या दिवाळीपर्यंत केव्हातरी घेतलेली. आई १९७१ च्या श्रावणात गेली. ती गेली तेव्हा या गिटारीचं लाकूड कापलेलं नसणार, मॉडेलचा कारखान्यात पत्ता नव्हता.

मग १९७२ मध्ये पाहुण्याने ऐकली ती कुठली? भावजय सांगते, एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये त्याचीच गिटार हा वाजवायचा. तिचं लग्न १९७५ चं, म्हणजे तिची माहिती ऐकीव. मी ती ऐकीव म्हणूनच इथे नोंदवते. खरं सांगायचं तर या आकड्यावरून भावाकडे तेव्हा पैसे नव्हते हेसुद्धा सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की तिकिटाचे पैसे या गिटारीत गेले नाहीत. पण आमच्या घरात आरोप होता तो नेमका एवढाच.

प्री-सीबीएसची लॉटरी अर्थातच हुकली. आली असती तर लाखांत खेळलो असतो, आता काही हजार डॉलरची वस्तू आहे. भाचीला वाईट वाटलं नाही. ती विकणार नाही म्हणते. तिचा मुलगा शिकतोय.

मी आक्काला फोन केला. ती शहाऐंशीची आहे, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची सून मध्ये बसून एकेक वाक्य मोठ्याने सांगत होती. पॉट, सीटीएस वगैरे मी गाळलं. म्हटलं, बटणाच्या खाली कारखान्याने साल लिहिलंय, आई गेल्यानंतर दीड वर्षाने बनलेली आहे ती. बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग आक्काचाच आवाज आला, "त्याने कधी सांगितलं कसं नाही गं?"

मी म्हटलं, कुणी विचारलं नाही आक्का.

"हं," म्हणाली. मग सुनेला काहीतरी सांगितलं, आणि सूनबाईने मला विचारलं, की आत्या, आई विचारतायत, त्या मुलाला म्हणावं वाजवलेलं फोनवर पाठवता येतं का? मोठ्या आवाजात पाठव म्हणावं.