सोंग कोणाचं, हसू कोणावर?

‘ताई, टाइमपास हाय. डोकं बाजूले ठेऊन पाहा लागते.’

सिनेमा आणि मालिकांबद्दल राजापेठेत मी ऐकलेल्या मतांपैकी हे सर्वांत लोकप्रिय. रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर, बचतगटाच्या बैठकीत, अभ्यासिकेतल्या चहाच्या सुट्टीत हेच कानावर पडतं. पोरांचा वाद ‘पठाण’ भारी की ‘टायगर’ यावर. बायांना दिवसभराच्या कामानंतर हसायला हवं असतं, म्हणून ‘हास्यजत्रा’, ‘चला हवा येऊ द्या’, नाहीतर ‘तारक मेहता’.

थकलेल्या माणसाने हसू नये असं कोण म्हणेल? पण ‘डोकं बाजूला ठेव’ हा सल्ला मला पटत नाही. ‘शिका’ हा ज्या चळवळीचा पहिला शब्द आहे, तिच्या माणसाने डोकं नेमकं कुठे ठेवायचं? समाजशास्त्र शिकताना मला एक गोष्ट कळली. माणूस विचार न करता जिथे शिट्टी मारतो आणि जिथे हसतो, तिथे समाजाची उतरंड सर्वांत स्पष्ट दिसते.

हेरपट आणि विनोदी कार्यक्रम वरवर वेगळे दिसतात. दोन्ही चालतात मात्र सोंगावर. नाव बदलायचं, वेष बदलायचा, बोली बदलायची. ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक वेषांतरात पटाईत होते असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि परंपरा त्यांना रामोशी समाजातले मानते. सोंगं घेऊन दारोदार हसवणारे बहुरूपी आजही महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे सोंगाची कला ज्यांनी जपली ते बहुतेक गावकुसाबाहेरचे.

आता पडद्यावरच्या हेरांची आडनावं बघा. टायगरचं खरं नाव अविनाश सिंग राठोर. ‘बेबी’ (2015) मधला अजय सिंग राजपूत. ‘द फॅमिली मॅन’ (2019) मधला श्रीकांत तिवारी. ‘पठाण’ (2023) चा नायक तेवढा अनाथ, आईबापाचा पत्ता नसलेला. जात ठाऊक नसलेला नायक चालतो. पण वानखडे, गवई, तायडे आडनावाचा हेर मी पाहिलेल्या एकाही सिनेमात देश वाचवताना दिसला नाही.

हे बोलले तेव्हा अभ्यासिकेतल्या एका पोराने मला अडवलं. ‘ताई, हेराले आडनाव कायले पाह्यजे? थो तं खोट्या नावानंच हिंडते.’

प्रश्न बिनतोड आहे, आणि मुद्दा त्यातच दडलेला आहे. हेर नाव लपवतो तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. आपल्या माणसांनी पोटासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी नाव लपवलं, त्याला कोणी शिट्टी मारली? बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा आहे. साठ वर्षं उलटली. एम.ए.च्या काळात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकाने पाण्याच्या वेळेआधी आडनाव विचारलं. ते ऐकून म्हणाला, ‘खोली कालच गेली.’ ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी त्यानंतरही आठवडाभर त्याच्या दारावर होती. आजही आपली पोरं-पोरी शहरात खोली शोधताना फक्त पहिलं नाव सांगतात. हेराचं सोंग मोहीम संपली की उतरतं. आपल्या पोरांची मोहीम संपतच नाही.

विनोदाचंही तसंच. भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली टीव्हीवर नेली तेव्हा आमच्याकडच्या मावश्या हरखल्या, आणि तो आनंद खरा होता. पण प्रमाण मराठी बोलणारा शहाणा आणि बोलीत बोलणारा येडा, हे गणित जिथे बसवलं जातं तिथे आपण स्वतःच्याच आईवर हसत असतो. बचतगटातली एक मावशी धुणीभांडी करते. एका कार्यक्रमातली बावळट कामवाली पाहून ती म्हणाली, ‘इले येडीच कायले दाखवतेत? मले तं चार घरचे खाडे तोंडपाठ हायेत.’ माझ्या मते ही त्या आठवड्यातली सर्वांत चांगली समीक्षा होती.

आणि ‘तारक मेहता’? 2008 पासून चालू असलेल्या या मालिकेतली गोकुलधाम सोसायटी देशाचं छोटं रूप म्हणून दाखवली जाते. गुजराती, तमिळ, पंजाबी, बंगाली, आणि मराठी म्हणून भिडे मास्तर. या छोट्या देशाच्या मुख्य कुटुंबांत आपलं आडनाव मला सापडलं नाही. तिथे आपल्यावर कोणी हसत नाही, कारण आपण तिथे नाहीच.

मग बघणं सोडायचं का? नाही. सोंग आणि हसू ही हत्यारं आपलीही आहेत. सत्यशोधक जलशांनी भटशाहीची सोंगं वठवून गावाला हसवलं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने अस्पृश्यता मानणाऱ्याला हास्यास्पद ठरवलं. तिथे हसू खालून वर जात होतं. आणि याच अमरावतीत, 13 नोव्हेंबर 1927 रोजी, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, तीही इंद्रभुवन थिएटरमध्ये. जिथे लोक सोंगं बघायला जमत, तिथे आपले आजे-पणजे स्वतःच्या नावाने हक्क मागायला उभे राहिले.

म्हणून मित्रांनो, सिनेमा बघा, मालिका बघा. फक्त तीन प्रश्न सोबत ठेवा. सोंग कोणाचं आहे? हसू कोणावर आहे? आणि या गोष्टीत आपण कुठे आहोत?

ज्या पोराने मला अडवलं होतं, त्याने आता भीमजयंतीसाठी बतावणी लिहायला घेतली आहे. त्याचा हेर शत्रूच्या देशात दहा वर्षं खोट्या नावाने राहतो, कोणाला पत्ता लागत नाही. परत येऊन खोली शोधायला निघतो, आणि पहिल्याच घरमालकापुढे सापडतो. पहिल्या वाचनाला सगळे खदखदून हसले, आणि ते हसू हेरावर नव्हतं, घरमालकावर होतं.

जय भीम!